पवित्र द्वारापर्यंतची वाट: जुबिली वर्षाचा इतिहास आणि यात्रेची तयारी

6 जानेवारी 2026 रोजी पोप लिओ चौदावे यांनी रोममधल्या संत पेत्राच्या महामंदिराचं पवित्र द्वार, म्हणजे फक्त जुबिलीत उघडणारं दार, बंद केलं आणि 2025 चं जुबिली वर्ष संपलं. जुबिली म्हणजे कॅथलिक चर्चचं, दर पंचवीस वर्षांनी येणारं, क्षमेचं आणि यात्रेचं पवित्र वर्ष. त्या वर्षात 3 कोटींहून जास्त यात्रेकरू रोमला जाऊन आले. ज्यांचं जमलं नाही त्यांच्याकडून एकच प्रश्न ऐकू येतो: आता पंचवीस वर्षं थांबायचं का?

थांबायची गरज नाही. शिवाय थांबावं लागलं तरी तयारी आजपासून करता येते, कारण या यात्रेचा मोठा भाग विमानात बसण्याआधी घरातच पुरा करायचा असतो. हा भाग राहून गेला, की माणूस रोमला जातो, दारातून आत जातो, फोटो काढतो आणि होता तसाच परत येतो. तसं होऊ नये यासाठी हा लेख.

पहिली पायरी: शब्दाचा अर्थ

बायबलच्या जुन्या करारात लेवीय पुस्तकाचा 25 वा अध्याय काढा आणि सावकाश वाचा. जुबिलीचं मूळ तिथे आहे. मराठी बायबलात शब्द आहे ‘योबेल’. योबेल म्हणजे मेंढ्याचं शिंग. सात गुणिले सात वर्षं झाली, की पन्नासाव्या वर्षी हे शिंग फुंकायचं आणि देशभर मुक्तीची घोषणा करायची. घोषणा करायची म्हणजे नेमकं काय, हेही त्या अध्यायात लिहिलं आहे. अडचणीपायी ज्याने जमीन विकली, त्याला ती परत मिळेल. कर्जापायी जो दुसऱ्याच्या घरी राबायला गेला, तो मुलाबाळांसह आपल्या घरी परतेल. त्या वर्षी पेरणी नाही, शेत पडीक ठेवायचं.

ज्याच्या घराण्यातली जमीन कधी काळी सावकाराकडे गहाण पडली होती, त्याला हा अध्याय कुणी समजावून सांगावा लागत नाही. जुबिली म्हणजे गहाण सुटणं.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. शिंग फुंकायचं ते सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी. आधी देवाशी समेट, मग सुटकेची घोषणा. पुढच्या साऱ्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

यानंतर लूकचं शुभवर्तमान, अध्याय 4 वाचा. नाझरेथच्या सभास्थानात येशू यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी उघडतो, बंदिवानांच्या सुटकेचं आणि प्रभूच्या कृपावर्षाचं वचन वाचतो आणि ते आजच पूर्ण झालं असं सांगतो. ख्रिस्ती जुबिलीचा पाया हाच आहे. पन्नास वर्षांनी येणारी सुटका इथे एका व्यक्तीच्या रूपाने आली.

दुसरी पायरी: दार आलं कुठून

पहिली ख्रिस्ती जुबिली 1300 साली झाली, आणि ती लोकांनी घडवून आणली. शतक पालटताना संत पेत्राच्या कबरीपाशी गेलं तर मोठी क्षमा मिळते अशा समजुतीने रोममध्ये गर्दी लोटू लागली. ही गर्दी पाहून पोप बोनिफेस आठवे यांनी 22 फेब्रुवारी 1300 रोजी आज्ञापत्र काढलं. रोमच्या रहिवाशांनी तीस दिवस आणि बाहेरून आलेल्यांनी पंधरा दिवस संत पेत्र आणि संत पौल यांच्या मंदिरांना भेट द्यायची, पापांची कबुली द्यायची, असा नियम ठरला. तेव्हा पवित्र द्वार अस्तित्वात नव्हतं. बोनिफेस यांना हे शंभर वर्षांतून एकदाच व्हायला हवं होतं.

पण शंभर वर्षं कोण जगतो? पोप क्लेमेंट सहावे यांनी 1343 मध्ये अंतर पन्नास वर्षांवर आणलं. ते स्वतः फ्रान्समध्ये आविन्योंला राहत होते, त्यामुळे 1350 ची जुबिली पोपच्या गैरहजेरीत पार पडली. दोनच वर्षांपूर्वी प्लेगने युरोपातली गावंच्या गावं ओस पाडली होती, आणि वाचलेली माणसं रोमची वाट चालत होती. मला सगळ्या जुबिलींमध्ये ही सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. पुढे येशूच्या आयुष्याची आठवण म्हणून 33 वर्षांचं अंतर आलं, आणि 1470 मध्ये पोप पॉल दुसरे यांनी ते 25 वर्षांवर आणलं, म्हणजे प्रत्येक पिढीला निदान एकदा तरी संधी मिळावी. तेच आजही चालू आहे.

गर्दीचा प्रश्न पहिल्यापासूनच होता. 1300 मध्ये संत अँजेलो पुलावर जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची रांग वेगवेगळी केली होती. इटालियन कवी दांतेने आपल्या महाकाव्यात या व्यवस्थेचा दाखला दिला आहे. 1450 मध्ये मात्र घात झाला. डिसेंबरमध्ये एके संध्याकाळी त्याच पुलावर एक खेचर बिथरलं, चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे 200 यात्रेकरू दगावले. ज्यांनी मांढरदेवीची किंवा नाशिकच्या कुंभमेळ्याची बातमी वाचली आहे, त्यांना हे दृश्य डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही.

रोममधल्याच लॅटरनच्या महामंदिरात पवित्र द्वार उघडल्याची नोंद 1423 सालची आहे. रोमच्या चारही महामंदिरांत (संत पेत्र, संत पौल, लॅटरन आणि सांता मारिया माज्जोरे) द्वार उघडण्याचा विधी पोप अलेक्झांडर सहावे यांनी 1499 च्या नाताळच्या आदल्या रात्री सुरू केला. हे द्वार विटांनी बंद केलेलं असे. पोप हातोडीने तीनदा ठोकत आणि मग भिंत पाडली जाई. 24 डिसेंबर 1974 च्या रात्री पोप पॉल सहावे हातोडी मारत असताना भिंतीचे तुकडे त्यांच्या अगदी जवळ कोसळले. तेव्हापासून पद्धत बदलली. आता भिंत आतल्या बाजूला असते, ती आधीच काढून ठेवतात आणि पोप फक्त दार ढकलतात. भिंतीत एक धातूची पेटी पुरलेली असते. तिच्यात दाराची किल्ली, पदकं आणि मागच्या समारोपाचा कागद ठेवतात.

प्रत्येक जुबिली सुरळीत पार पडली असंही नाही. 1800 मध्ये ती झालीच नाही, कारण पोप पायस सहावे फ्रेंचांच्या कैदेत वारले होते. 1850 मध्ये पोप पायस नववे रोमबाहेर निर्वासित होते. 1700 ची जुबिली सुरू झाली एका पोपच्या काळात आणि संपली दुसऱ्या पोपच्या काळात. 2025 मध्येही तसंच झालं: उघडलं फ्रान्सिस यांनी चाकाच्या खुर्चीत बसून, आणि एप्रिलमध्ये त्यांचं निधन झाल्यावर बंद करायची जबाबदारी लिओ चौदावे यांच्याकडे आली.

तिसरी पायरी: कोणत्या वर्षी जायचं

नियमित जुबिली दर 25 वर्षांनी येते, म्हणजे पुढची 2050 ला. तिच्याशिवाय विशेष जुबिली असते. येशूच्या मृत्यू-पुनरुत्थानाला 1900 वर्षं झाली म्हणून 1933 मध्ये, 1950 वर्षं झाली म्हणून 1983 मध्ये आणि दयेचं वर्ष म्हणून 2015-16 मध्ये ती झाली. 2025 ची घोषणा करणाऱ्या आज्ञापत्रातच पोप फ्रान्सिस यांनी 2033 चा उल्लेख केला आहे, कारण तेव्हा 2000 वर्षं होतील. म्हणून मनाची आणि पैशांची तयारी 2033 धरून करा.

तिकिटांची मात्र घाई करू नका. नियमित जुबिली नाताळच्या आदल्या रात्री सुरू होते, विशेष जुबिलीला ते बंधन नाही. 1933 ची जुबिली 2 एप्रिलला सुरू झाली, 1983 ची 25 मार्चला सुरू होऊन पुढच्या वर्षीच्या ईस्टरला संपली. दयेचं वर्ष 8 डिसेंबरला सुरू झालं. आज्ञापत्र निघालं, तारखा छापून आल्या, की मगच पैसे भरा.

रोमच्या बाहेरही पवित्र वर्षं असतात. स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाला 25 जुलै रविवारी आला, की पवित्र वर्ष असतं. पुढची अशी वर्षं 2027 आणि 2032. ज्यांना पायी वारीची ओढ आहे, त्यांनी याचा जरूर विचार करावा.

आपल्या गावातही हे होऊ शकतं. एखाद्या चर्चला शंभर किंवा चारशे वर्षं पूर्ण होत असतील तर बिशपांमार्फत रोमला अर्ज करून त्या वर्षासाठी जुबिलीसारखीच कृपा (इंडल्जन्स, ते पुढच्या पायरीत) मागता येते. वसईत आणि गोव्यात कित्येक चर्च पोर्तुगीज काळातली आहेत. तुमच्या चर्चचं स्थापनेचं वर्ष कार्यालयात विचारा आणि हिशेब करा. अर्ज वेळेत गेला पाहिजे, आणि त्यासाठी कुणीतरी दोन वर्षं आधी फादरांच्या मागे लागावं लागतं.

चौथी पायरी: इंडल्जन्स म्हणजे काय

इथे सर्वाधिक गोंधळ आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

इंडल्जन्स म्हणजे पापांची क्षमा नव्हे. पापांची क्षमा कुमसारात, म्हणजे धर्मगुरूपाशी पापांची कबुली देताना, मिळते. समजा, तुम्ही दरवर्षी शेजाऱ्याचा बांध थोडा थोडा कोरत गेलात. एक दिवस पस्तावून त्याच्या पाया पडलात आणि त्याने मनापासून माफ केलं. वैर संपलं. पण बांध तर कोरलेलाच आहे, तो पुन्हा माती घालून उभा करावा लागेल. क्षमा झाल्यावरही उरलेली जी भरपाई आणि मनाची शुद्धी, तिला चर्च ‘पापाचा ऐहिक दंड’ म्हणतं. हा बांध बांधायला ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याची मदत मिळते, ती म्हणजे इंडल्जन्स. सगळा दंड माफ झाला तर पूर्ण, काही भाग माफ झाला तर आंशिक.

याला पैसे लागत नाहीत. एके काळी इंडल्जन्सच्या नावाने पैसा गोळा झाला, हे खरं आहे. संत पेत्राच्या नव्या मंदिरासाठी चाललेल्या अशाच वसुलीविरुद्ध मार्टिन ल्यूथर 1517 मध्ये उभे राहिले, आणि 1567 मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेली सगळी इंडल्जन्स रद्द केली. ही चूक चर्चने मान्य करून दुरुस्त केली आहे. ती झाकून ठेवू नये असं मला वाटतं. आज कुणी जुबिलीच्या कृपेसाठी पैसे मागितले, तर तिथून निघून या.

पूर्ण इंडल्जन्ससाठी नेमून दिलेलं कृत्य, म्हणजे यात्रा किंवा दयेचं काम, करायचं आणि त्याच्याबरोबर या अटी पाळायच्या: कुमसार, ख्रिस्तप्रसाद (उपासनेत मिळणारी पवित्र भाकर), पोपच्या हेतूंसाठी (पोप ज्या गोष्टींसाठी प्रार्थना करायला सांगतात त्यांच्यासाठी) प्रार्थना, आणि कोणत्याही पापाची, अगदी लहानशा पापाचीही, ओढ मनात न ठेवणं. चौथी अट सर्वांत कठीण. ती पुरी झाली नाही तर इंडल्जन्स आंशिक होतं, यात्रा वाया जात नाही.

कुमसार त्याच दिवशी व्हायला हवा असं नाही. आधी किंवा नंतर साधारण 20 दिवसांच्या आत चालतो, आणि एका कुमसारावर अनेक दिवसांची इंडल्जन्स मिळवता येतात. ख्रिस्तप्रसाद आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना मात्र प्रत्येक वेळी हवी, आणि शक्यतो त्याच दिवशी. ही कृपा स्वतःसाठी किंवा मृतांसाठी मागता येते, जिवंत असलेल्या दुसऱ्या माणसासाठी नाही. आईवडील गेले असतील तर त्यांचं नाव घेऊन जा.

पाचवी पायरी: घरातली तयारी

लेवीयचा अध्याय आठवा. शिंग वाजण्याआधी समेट.

एक कागद घ्या. कुणाकुणाचं काय आपल्याकडे अडकलं आहे ते लिहा. उसने घेतलेले पैसे, गहाण ठेवून घेतलेले दागिने, कामगाराची थकलेली मजुरी, भावाशी वाटणीत झालेली ओढाताण. मग दुसऱ्या बाजूला लिहा, आपलं कुणाकडे काय अडकलं आहे आणि त्यातलं काय सोडून देता येईल. पोप फ्रान्सिस यांनी 2025 साठी श्रीमंत देशांना गरीब देशांची कर्जं माफ करण्याचं आवाहन केलं होतं. 2000 च्या जुबिलीच्या वेळीही अशीच मोठी मोहीम जगभर चालली होती. देशांनी करायचं ते देश करतील. आपल्या वहीतलं एखादं नाव खोडणं आपल्या हातात आहे. ज्याला परतफेड कधीच जमणार नाही असा एक माणूस निवडा आणि त्याला स्पष्ट सांगा की आता तुझ्याकडे काही मागणं नाही.

त्यानंतर कुमसार. तो आपल्याच चर्चमध्ये, आपल्या भाषेत, निघण्यापूर्वी आठवडाभरात करा. रोममधल्या महामंदिरांत अनेक भाषांचे कबुली ऐकणारे धर्मगुरू असतात, पण मराठीत मन मोकळं करता येईल याचा भरवसा नाही, आणि अडखळत इंग्रजीत सांगितलेला कुमसार अर्धवट वाटत राहतो. 20 दिवसांची सवलत इथे उपयोगी पडते. आपल्या धर्मप्रांतातले (बिशपांच्या हद्दीतले) कुणी फादर रोममध्ये शिकत असतील तर निघण्याआधी चौकशी करा. मराठीत एखादी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मिळाली तर ज्येष्ठांना फार आधार वाटतो.

सहावी पायरी: कागदपत्रं

इटलीसाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो; जुबिली वर्षात तीन महिने आधी केलेला बरा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. गटाने जाणाऱ्यांनी धर्मगुरूंचं पत्र सोबत ठेवावं.

2025 मध्ये पवित्र द्वारासाठी नावनोंदणी संकेतस्थळावर मोफत होती. सहल कंपनीने ‘द्वारप्रवेश शुल्क’ लावलं असेल, तर ते कशाचं हे विचारा.

जुलै-ऑगस्टमध्ये रोममध्ये कडक ऊन असतं. रस्त्यांवरच्या लोखंडी नळांचं पाणी पिण्याजोगं आणि फुकट असतं, बाटली सोबत ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी किंवा पंजाबी ड्रेस असेल तर प्रश्नच नाही. मेट्रोत आणि गर्दीच्या बसमध्ये पाकीटमार असतात, पासपोर्ट कपड्यांच्या आत ठेवा.

सातवी पायरी: चार महामंदिरं

एका दिवसात चारही उरकू नका. दोन दिवस तरी ठेवा, वयस्कर मंडळी असतील तर तीन.

माझं मत असं, की सुरुवात संत पौलाच्या महामंदिरापासून करावी. ते शहराच्या जुन्या तटाबाहेर आहे, मेट्रोची बी (B) लाइन तिथपर्यंत जाते आणि गर्दी कमी असते. ख्रिस्ती लोकांना छळणारा माणूस जिथे प्रेषित म्हणून पुरला गेला, तिथे शांतपणे बसायला मिळतं. आत वरच्या पट्टीवर सगळ्या पोपांच्या गोल प्रतिमा ओळीने लावलेल्या आहेत.

मग सांता मारिया माज्जोरे. मुख्य रेल्वे स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर. पोप फ्रान्सिस यांची साधी कबर इथे आहे. तिथून लॅटरन. पोपचं स्वतःचं कॅथेड्रल हेच. संत पेत्राचं मंदिर त्यांचं कॅथेड्रल आहे असा आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज असतो. समोरच पवित्र जिना आहे, भाविक तो गुडघ्यांवर चढतात. गुडघे दुखत असतील तर चढू नका, शेजारी दुसरे जिने आहेत.

संत पेत्राचं महामंदिर शेवटी. 2025 मध्ये गट पियाझ्झा पिया इथे जमत, त्यांना लाकडी क्रूस मिळे आणि तो आळीपाळीने खांद्यावर घेऊन, प्रार्थना म्हणत, सरळ रस्त्याने मंदिरापर्यंत चालत जात. क्रूस पुढे असला की बडबड आपोआप थांबते. पवित्र द्वार समोरून पाहिलं तर अगदी उजवीकडचं. त्यावर कांस्याच्या 16 चौकटी आहेत: एदेन बागेतून हकालपट्टी, हरवलेलं मेंढरू, उधळ्या पुत्राला मिठी मारणारा बाप, पेत्राने केलेला नकार, क्रुसावरचा पश्चात्तापी चोर. दारापाशी कुणी उभं राहू देत नाही, म्हणून या चौकटींची चित्रं आधीच घरी पाहून घ्या. रांगेत उभ्या उभ्या एकेक चौकट मनात आणा आणि आपण कुठल्या चौकटीत आहोत ते शोधा. मनाची तपासणी करायला याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

उंबरठा ओलांडताना मोबाइल खिशात राहू द्या. आत गेल्यावर थोडा वेळ ध्यान करा, मग ‘आमच्या स्वर्गीय पित्या’, विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना) आणि पवित्र मरियेची एखादी प्रार्थना म्हणा. पोपच्या हेतूंसाठी पुन्हा एक ‘आमच्या स्वर्गीय पित्या’ आणि एक ‘नमो मरिया’. त्याच दिवशी मिस्सा ऐकून ख्रिस्तप्रसाद घ्या.

ज्यांना जाता येणार नाही त्यांच्यासाठी

2015-16 मध्ये जगातल्या प्रत्येक धर्मप्रांतात पवित्र द्वार उघडलं होतं. 2025 मध्ये तसं नव्हतं. द्वारं फक्त रोमच्या चार महामंदिरांत आणि रोममधल्याच रेबिब्बिया तुरुंगात होती. पण धर्मप्रांतांनी ठरवलेल्या चर्चना भेट देऊनही तीच कृपा मिळत होती. गोव्यात तर जुबिलीचे पहिले दिवस आणि संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचं दर्शन, जे 5 जानेवारी 2025 पर्यंत चाललं, एकाच वेळी आले. पुढच्या वेळी आपल्या बिशपांचं परिपत्रक नीट वाचा, कोणती चर्च ठरली आहेत ते त्यात असतं.

प्रवासाशिवायचा मार्गही 2025 च्या नियमांत होता. आजारी, एकाकी, तुरुंगातल्या किंवा वृद्ध माणसाची भेट ही यात्राच मानली होती. आठवड्यातून एक दिवस मोबाइलवरची निरर्थक करमणूक किंवा अनावश्यक खर्च टाळून ते पैसे गरिबाला देणं, हेही त्यात होतं. कैद्यांसाठी तर पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्येच लिहिलं होतं, की आपल्या कोठडीचं दार ओलांडताना देवाकडे मन वळवलं तर तेच त्यांचं पवित्र द्वार ठरेल.

अंथरुणाला खिळलेल्यांना घरातूनच सगळी कृपा मिळते. पापाची ओढ सोडायची, शक्य होईल तेव्हा अटी पुऱ्या करायचा निश्चय करायचा आणि आपल्या खोलीत प्रार्थना म्हणून आपलं दुखणं देवाला अर्पण करायचं, एवढंच. हे त्यांना घरच्यांनी शेजारी बसून सांगावं लागतं, कारण आपलं सगळं राहून गेलं असं त्यांना वाटत असतं. आधी फादरांना कळवून कुमसारासाठी आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी बोलवा. त्या दिवशी खोली झाडून घ्या, उशाशी स्वच्छ कापड, क्रूस आणि मेणबत्ती ठेवा आणि कुमसाराच्या वेळी सगळ्यांनी बाहेर थांबा.